औषध जपणारा देश

एखादी मौल्यवान वस्तू जपून कशी ठेवावी हे शिकायचे असेल, तर आपल्या देशाने बेडाक्विलिन नावाच्या औषधाचा सांभाळ कसा केला ते पाहावे. क्षयरोगावर चाळीस वर्षांच्या खंडानंतर आलेले हे नवे औषध. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड या नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणाऱ्या टीबीवर ते चालते. अमेरिकेने डिसेंबर २०१२मध्ये त्याला मान्यता दिली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये ते कसे वापरावे हे सांगितले, आणि आपण मार्च २०१६मध्ये ते वापरायला काढले. मधली तीन वर्षे वाया गेली, असे कुणी म्हणेल. मी म्हणेन, त्या तीन वर्षांत औषधाला ओरखडाही पडला नाही.

वापरायला काढले तेही बेताने. दिल्ली, मुंबई, चेन्नई, अहमदाबाद आणि गुवाहाटी या पाच शहरांतली सहा केंद्रे, आणि त्यांना जोडलेल्या भागांत राहणारे रुग्ण, एवढ्यांपुरतीच योजना. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण त्या काळी देशात दर वर्षी लाखाच्या वर होत असल्याचा अंदाज होता. औषध सरकारने विकत घेतलेले नव्हते. उत्पादक कंपनी आणि अमेरिकेची मदत संस्था यांच्या दान योजनेतून ते आले होते. दानात आलेली वस्तू उधळू नये, हा आपल्या घराघरांतला संस्कार. तो सरकारने पाळला, याबद्दल त्याला दोष कसा द्यावा?

आता जालन्यातल्या रुग्णाने काय करायचे होते? रात्री स्टेशनवर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी मुंबई येते. पण गाडी माणसाला मुंबईला नेते, त्याच्या पत्त्याला नेत नाही. बिहारमधल्या एका बापाला ही गोष्ट २०१६च्या अखेरीस दिल्लीत समजली. त्याच्या तरुण मुलीला या औषधाची गरज होती. ती दिल्लीची रहिवासी नाही, हे कारण औषध नाकारताना पुढे करण्यात आले. बाप उच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०१७मध्ये औषधाची वाट मोकळी झाली. २०१८मध्ये ती मुलगी गेली. रहिवासी दाखला म्हणजे काय, हे तहसील कचेरीच्या सेतू केंद्रासमोर उभ्या राहिलेल्या जालनेकराला समजावून सांगायला नको. शाळेचा प्रवेश, शिष्यवृत्ती, घरकुल यांना हा कागद लागतच होता. श्वास घेण्यालाही तो लागू करून शासनाने कारभारात एकसूत्रता आणली.

याच्या उलट उदाहरण म्हणून दक्षिण आफ्रिकेकडे बोट दाखवता येईल. लोकसंख्या जेमतेम सहा कोटी, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्मी. लोकसंख्येच्या मानाने टीबी आपल्या दुपटीहून जास्त, त्यात एचआयव्हीची भर. अशा देशाने खरे तर अधिक जपून राहायचे. पण त्यांना धीरच नाही. २०१३मध्ये, औषधाची नोंदणीही झालेली नसताना, त्यांनी ते निवडक दवाखान्यांतून अत्यवस्थ रुग्णांना देऊन पाहिले. २०१४मध्ये नोंदणी केली, २०१५मध्ये देशभर वाटायला सुरुवात केली. आपण सहा केंद्रांवर शेकड्यांत मोजत होतो तेव्हा त्यांचे रुग्ण हजारांत गेले होते. २०१८च्या जून महिन्यात त्यांनी जाहीर केले की, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी रोजची सुई बंद, तिच्या जागी बेडाक्विलिन. जागतिक आरोग्य संघटनेने तसा सल्ला द्यायच्या दोन महिने आधी! शिवाय कंपनीशी भाव करून सहा महिन्यांच्या औषधाची किंमत ४०० डॉलरवर आणली, आणि तो भाव इतर देशांनाही मिळाला. आपल्यालाही.

आपल्या अधिकाऱ्यांचा युक्तिवाद मात्र उडवून लावण्यासारखा नाही, आणि तो मी मनापासून मांडतो. औषध मोकाट सोडले तर ते चुकीच्या हाती पडते, अर्धवट घेतले जाते, आणि जंतू त्यालाही सरावतात. आपल्याकडे हे घडलेले आहे. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत धारावीच्या परिसरातल्या १०० खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. अशा देशात शेवटचे अस्त्र कुलपात ठेवावेसे वाटणे साहजिक आहे. दक्षिण आफ्रिकेत आता बेडाक्विलिनलाही दाद न देणारे जंतू आढळू लागले आहेत, म्हणजे भीती खोटी नव्हती. जे औषध दिलेच नाही त्याला जंतू सरावत नाहीत, हे शास्त्राने सिद्ध झालेले आहे. ज्याला औषध दिले नाही त्या माणसाचे काय होते, हेही सिद्ध झालेले आहे. २०१८मध्ये ‘लॅन्सेट’च्या श्वसनविकारांच्या नियतकालिकात दक्षिण आफ्रिकेतल्या १९,६१७ रुग्णांचा हिशेब आला. बेडाक्विलिन न मिळालेल्यांपैकी जवळजवळ २५ टक्के दगावले. ते मिळालेल्यांपैकी १२.६ टक्के. एका पारड्यात औषधाचे भविष्य, दुसऱ्यात शंभरातली बारा माणसे. आपण भविष्याचा विचार केला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

दरम्यान सुई चालू होती. कॅनामायसिन ही जुनी, स्वस्त, ओळखीची सुई. रोज एक, सहा महिने किंवा त्याहून अधिक. ती कानाच्या आतल्या नाजूक पेशी मारते आणि त्या पुन्हा येत नाहीत. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना टीबीच्या उपचारात ऐकू येणे बंद झाले. केपटाऊनजवळच्या खायेलित्शातल्या फुमेझा टिसिले यांचेही तेच झाले. दोन देश, एक रोग, एकाच जातीची सुई, आणि दोन तरुण मुलींची सारखीच शांतता. पण या दोघी शांत बसल्या नाहीत. बेडाक्विलिनवरची मक्तेदारी आणखी चार वर्षे, म्हणजे २०२७पर्यंत लांबवण्यासाठी कंपनीने भारताच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला होता. त्याला या दोघींनी मिळून २०१९मध्ये हरकत घेतली, आणि मार्च २०२३मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षी जुलैत मूळ पेटंट संपले आणि भारतीय कंपन्यांना हे औषध बनवायची मुभा मिळाली. जे दोन सरकारांनी हातात हात घालून करायचे, ते दोन कर्णबधिर मुलींनी केले. नागरिकांवर एवढा विश्वास टाकणारी राज्यव्यवस्था जगात फार ठिकाणी नसेल.

दक्षिण आफ्रिकेला उगाच डोक्यावर घेऊ नये, म्हणून एक गोष्ट नोंदवून ठेवतो. चूक करण्याची ऐपत त्या देशातही होती, आणि आपल्यापेक्षा मोठी होती. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेतली. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबाचे गुण सांगत राहिल्या. औषधे वेळेवर न दिल्यामुळे २००० ते २००५ या काळात तीन लाखांहून अधिक माणसे हकनाक गेली, असा अंदाज हार्वर्डच्या अभ्यासकांनी पुढे मांडला. तिथल्या रुग्णांनी संघटना बांधली, ते रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. २००२मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सरकारला सांगितले की, आईकडून बाळाला होणारा संसर्ग टाळणारे औषध सरकारी दवाखान्यांत द्यावेच लागेल. पुढे टीबीत या देशाने घाई केली ती या जखमेमुळे. एवढा मोठा मूर्खपणा पदरी असताना त्यांनी तो पुढे चालवला नाही. परंपरा टिकवण्याच्या बाबतीत तो देश आपल्यापुढे कच्चाच म्हणायचा.

आपण परंपरा टिकवतो आणि नावे बदलतो. २०११च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले की ज्यांच्यावर त्या वेळी हाताशी असलेले एकही औषध चालत नव्हते. त्यांनी त्याला ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ म्हटले. जानेवारी २०१२मध्ये केंद्राने तत्परतेने उत्तर दिले: अशी संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत नाही. ते खरेच होते. संज्ञा नव्हती, रुग्ण होते. १ जानेवारी २०२० रोजी राष्ट्रीय क्षयरोग ‘नियंत्रण’ कार्यक्रमाचे नाव बदलून ‘निर्मूलन’ कार्यक्रम करण्यात आले. पाट्या, लेटरहेड, शिक्के नवे झाले. निर्मूलनाची सुरुवात कुठून तरी करायलाच हवी, आणि शिक्का सर्वात हाताशी असतो.

त्याआधी १३ मार्च २०१८ रोजी दिल्लीत पंतप्रधानांनी जाहीर केले होते की, जगाने २०३० धरले आहे, भारत हे २०२५मध्येच करून दाखवेल. ‘हे’ म्हणजे काय, तर २०१५च्या मानाने नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी खाली आणणे. २०१५मध्ये लाखामागे २३७ होते, म्हणजे २०२५मध्ये ते ४७च्या आसपास यायला हवे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४मध्ये ते १८७ होते. घट २१ टक्के. ही घट जगाच्या सरासरीहून जास्त आहे. ती ज्या कर्मचाऱ्यांनी आणली, त्यांना माझा नमस्कार आहे आणि त्यात काहीही लपवलेले नाही. दक्षिण आफ्रिकेने तेवढ्याच काळात प्रमाण निम्म्याहून खाली आणले. पण त्यांनी जगाच्या आधी संपवण्याची तारीख दिली नव्हती, त्यामुळे त्यांना तारखेचा आनंद मिळाला नाही. आपल्याला तो सात वर्षे मिळाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. जालना सोन्याचा पाळणा, असे म्हातारी माणसे म्हणत आली आहेत. आज या पाळण्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, मोसंबीच्या बागा आहेत आणि एमआयडीसीत भंगार वितळवून सळई ओढणाऱ्या रोलिंग मिल आहेत. भट्टीपुढे बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली पोरे असतात. एका खोलीत दाटीवाटीने झोपतात, पाळी संपली की अंथरूण दुसऱ्याचे. आणि अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याकडची आपली माणसे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल अंगावर घेऊन ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाचटाच्या कोपीत मुक्काम, पहाटे फडात, खाडा झाला तर पैसे कापले जातात. खोकला आहे म्हणून थुंकी तपासायला जाणे हा खाडाच. टीबीला यापेक्षा चांगली आमंत्रणपत्रिका छापता येणार नाही: धूर, धूळ, अर्धपोट, गर्दी, आणि एका जागी सहा महिने न टिकणारा पत्ता. गावाकडे सुरू झालेला उपचार फडावर तुटतो, मिलमध्ये सुरू झालेला गावाकडे तुटतो. तुटलेला उपचार हाच औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा कारखाना आहे.

अशा जिल्ह्यासाठी शासनाने २०२३पासून एक सुरेख योजना आणली आहे: टीबीमुक्त ग्रामपंचायत. निकष स्पष्ट आहेत. वर्षभरात हजार लोकसंख्येमागे किमान ३० संशयितांची तपासणी व्हावी, आणि हजारामागे एकाहून अधिक रुग्ण निघू नयेत. उपचार पूर्ण होणे, पोषण आहार पोहोचणे अशा अटीही आहेत. जमले की महात्मा गांधींचा पुतळा: पहिल्या वर्षी ब्राँझच्या रंगाचा, सलग दोन वर्षे जमले तर रुपेरी, तीन वर्षे जमले तर सोनेरी. तीन हजार वस्तीच्या गावाचा हिशेब करून पाहा. ९० जणांची तपासणी करायची आणि तीनपर्यंत रुग्ण चालतील. चौथा सापडला की पुतळा गेला. आता सरपंच आणि ग्रामसेवक हीही माणसेच. तपासणी कधी करायची, हे योजनेने त्यांच्या विवेकावर सोडले आहे, आणि त्यासाठी कार्तिक ते फाल्गुन हा काळ प्रशस्त आहे. गावातले निम्मे तरुण फडावर गेलेले असतात, राखणीला म्हातारे आणि शाळकरी पोरे उरतात. ९० जण मोजून मिळतात. त्यासाठी खोटी नोंद करावी लागत नाही, एकाही कागदावर खाडाखोड न करता गाव टीबीमुक्त होते. ज्यांच्यामुळे झाले ते मात्र सत्काराला हजर नसतात. ते त्या दिवशी कुठल्या तरी कारखान्याच्या गटात खोकत असतात.

आशाताई आणि क्षयरोग पर्यवेक्षक यांच्याबद्दल एक शब्द वाकडा निघणार नाही. दुचाकीवर थुंकीचे नमुने डब्यात घालून तालुक्याला नेणारी ही माणसे आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेले ट्रूनॅट यंत्र त्यांच्या हाती आले आहे. बेडक्यात टीबीचा जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन त्यावर चालेल का, हे ते काही तासांत सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये त्याला मान्यता दिली. ही खरी अभिमानाची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेने अशाच प्रकारची चाचणी २०११मध्येच सर्व संशयितांसाठी पहिली चाचणी ठरवली, आपण बराच काळ सूक्ष्मदर्शकाशी इमान राखले. इमान राखणे हा दुर्गुण नव्हे.

खाण्यापिण्याचे काय, असे विचाराल. एप्रिल २०१८पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळू लागले: दिवसाला सोळा-सतरा रुपये. नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले, म्हणजे दिवसाला तेहतीस. दक्षिण आफ्रिकेत टीबीने काम करता येईनासे झाले, असे डॉक्टरांनी लिहून दिले तर तात्पुरते अपंगत्व अनुदान मिळू शकते, अलीकडे महिन्याला दोन हजार रँडहून जास्त, म्हणजे आपल्या दहा हजार रुपयांच्या वर. एवढ्या रकमेत माणूस घरी बसून बरा होण्याची भीती असते. आपली रक्कम तशी नाही. ती घेऊनही माणसाला उचल घ्यावीच लागते, आणि उसाचे अर्थकारण थांबत नाही. पोषणाने काय साधते हे आपल्याच झारखंडातल्या अभ्यासाने २०२३मध्ये जगाला दाखवले. रुग्णाच्या घरच्यांना दर महिन्याला धान्य आणि डाळी दिल्या, तर त्या घरात नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. जगाने टाळ्या वाजवल्या. आपणही वाजवल्या.

आणि मार्च २०२४मध्ये आपण औषध जपण्याचे धोरण नव्या औषधापुरते न ठेवता जुन्यांनाही लागू केले. साध्या टीबीच्या रोजच्या गोळ्यांचा तुटवडा पडला. केंद्राने राज्यांना लिहिले की, तीन महिने पुरतील एवढ्या गोळ्या स्थानिक पातळीवर खरेदी करा, आणि ते जमले नाही तर रुग्णाने विकत घेतलेल्या औषधांचे पैसे त्याला परत द्या. पावती जपून ठेवा, एवढेच. ज्या देशातून जगाला टीबीची औषधे जातात, त्या देशात हे घडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपण बेडाक्विलिन असलेल्या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने तो २०२२मध्ये सुचवला होता. पूर्वी दीड-दोन वर्षे चालणारा उपचार आता ऊसतोडीच्या एका हंगामात बसतो.

तेव्हा अंबड-घनसावंगीतून ट्रक आणि ट्रॅक्टर सुटायच्या आधी, म्हणजे दसऱ्यालाच, मुकादमाच्या यादीतल्या प्रत्येक कोयत्याची छाती आणि थुंकी तपासावी. जो निघेल त्याला पूर्ण हंगामाच्या गोळ्या कारखान्याच्या गटात मिळाव्यात, पत्ता न विचारता. खाड्याचे पैसे शासनाने भरावेत. उचलीतून वसूल करू नयेत. मिलमधल्या पोरांसाठी एमआयडीसीतच रात्रपाळीनंतर उघडे असणारे केंद्र हवे. हे केले तर ग्रामपंचायतींचा आकडा हजारामागे एकच्या वर जाईल, दोन-तीन वर्षे जिल्ह्यातल्या अनेक गावांना कसल्याच रंगाचा पुतळा मिळणार नाही, आणि देशाच्या आलेखात जालन्याची रेघ खाली यायच्या ऐवजी वर चढलेली दिसेल. ते मान्य करूनच ही मागणी आहे.